काय म्हणालात?

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐंशीवे वर्ष लागले तेव्हा मुलांनी ठरवले की, यंदा घरी स्वयंपाकाचा घाट घालायचा नाही. सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचे. हॉटेल नवे, झकपक. एका बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काच, पायाखाली गुळगुळीत फरशी, डोक्यावर गिलावाही न केलेले सिमेंटचे छत. रात्रीचे नऊ वाजलेले, एकही टेबल रिकामे नाही. आम्ही अकराजण लांब टेबलाभोवती बसलो आणि नानांना मानाने अगदी मध्यभागी बसवले.

जेवताना धाकट्या भावाच्या मुलीने बातमी सांगितली. तिला बंगळूरला नोकरी लागली होती, पंधरा दिवसांत निघायचे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानाही हसले, मान डोलावली.

पंधरा दिवसांनी ती बॅग घेऊन पाया पडायला आली, तेव्हा नानांनी विचारले, "कुठं निघालीस गं?"

"आजोबा, त्या दिवशी सांगितलं नव्हतं का?" पोरीचा चेहरा एवढासा झाला.

ती गेल्यावर नाना मला म्हणाले, "अरे, त्या रात्री मला एक शब्द कळला नाही. तुम्ही हसलात की मी हसत होतो." त्यानंतर बाहेर जेवायला जायचे निघाले की नाना म्हणत, "तुम्ही या जाऊन. मला भूक नाही."

वाचकहो, तुमच्याही घरात असे एखादे नाना असतील.

मी त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे नेले. तपासून ते म्हणाले, "वयाप्रमाणे कान थोडे उतरले आहेत. पण दोष निम्मा कानांचा आणि निम्मा त्या खोलीचा." मग त्यांनी समजावले. वय वाढते तसे प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. आपल्या बोलण्यातले स्वर जाड आणि दणकट असतात. स, श, त, क यांसारखी व्यंजने मात्र उंच पट्टीची आणि नाजूक. गलक्यात पहिला बळी जातो तो त्यांचा. कोणी 'काका' म्हणाले की म्हाताऱ्या कानाला 'आ-आ' एवढेच पोचते. बोलणे चालले आहे हे कळते, काय चालले आहे ते कळत नाही. तरुण माणूस गर्दीतून हवा तो आवाज निवडून घेतो. या कसबाचा शास्त्रीय अभ्यास कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केला. ते कसब वयाबरोबर उणावते.

पण खोलीचा दोष तो कोणता? माणसे तर चारचौघांसारखीच बोलत होती! इथेच खरी गंमत आहे. एटिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली एक गोष्ट दाखवून दिली: माणसाच्या कानावर गोंगाट पडू लागला की त्याचा आवाज आपोआप चढतो, त्याचे त्यालाही कळत नाही. आता हॉटेल डोळ्यांसमोर आणा. पहिल्या टेबलावरचे थोडे मोठ्याने बोलले, म्हणून दुसऱ्यावरच्यांनी आवाज चढवला, त्यांच्यामुळे तिसऱ्यांनी, आणि फिरून पहिल्यांनी. दोष कोणाचाच नाही आणि सगळ्यांचाच आहे! साधे संभाषण एक मीटरवरून साठ डेसिबलच्या आसपास असते. भरलेल्या हॉटेलात गलका ऐंशीवर सहज जातो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो.

या आगीत तेल ओततात त्या भिंती. हे कोडे सोडवले वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकाने. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणेच कोणाला समजेना. उच्चारलेला ध्वनी खोलीत साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. तोवर वक्ता पुढची दहा-पंधरा अक्षरे बोलून जाई. सबाइनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उसन्या आणल्या. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून तो घुमारा मोजत असे. गाद्या वाढवाव्या तसा घुमारा कमी होई. ध्वनी गिळण्याचे माप म्हणून त्याने जी गोष्ट निवडली, ती मला फार आवडली. ती म्हणजे उघडी खिडकी! खिडकीतून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही.

हे वाचले आणि मला एकदम मुंबईची जुनी इराणी हॉटेले आठवली. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, भिंतीवर आरसे. मऊ असे काहीच नाही. तरी तिथे समोरच्याशी बोलता येई. याचे एक कारण असे की, बरीचशी इराणी हॉटेले रस्त्याच्या कोपऱ्यावर असत आणि दोन्ही अंगांची दारे सताड उघडी. ट्रामची खडखड आत येई हे खरे, पण आतला गलका बाहेर जाई. आज हवा गार ठेवायची म्हणून दारे-खिडक्या बंद झाल्या आणि आवाज आतच कोंडला गेला.

थोडा हिशेब करू. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चार मीटर उंच अशी खोली घ्या. घनफळ २४० घनमीटर. त्याला ०.१६ ने गुणून, खोली किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळते त्या आकड्याने भागले की घुमाऱ्याचे सेकंद मिळतात. सिमेंट, काच आणि फरशी मिळून फार तर १२ चौरस मीटर. म्हणजे तीन सेकंदांहून जास्त घुमारा. माणसांचे कपडेही आवाज गिळतात. चाळीस माणसे बसली की १२ चे २८ होतात आणि घुमारा १.४ सेकंदांवर येतो. पण तीच चाळीस माणसे बोलू लागतात, हीच तर अडचण! आता छताला आवाज गिळणारे चांगले तक्ते लावा. २८ चे सुमारे ७५ होतात आणि घुमारा अर्ध्या सेकंदावर. गलका कागदावर चारच डेसिबलनी उतरतो. पण लोंबारचा नियम आता उलटा फिरतो: एकाने आवाज उतरवला की दुसराही उतरवतो. प्रत्यक्षात फायदा त्याहून मोठा.

आमच्या गल्लीतल्या उपाहारगृहाच्या मालकांना मी हे सांगायला गेलो. ते आधी हसले. "साहेब, आवाज म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे धंदा. शांत हॉटेलात कोण शिरतं?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, स्मशानशांततेत घास उतरत नाही. मी म्हणालो, "गर्दी राहू द्या, घुमारा तेवढा काढा. तुमच्या वेटरला ऑर्डर दोनदा विचारावी लागते ना?" हे मात्र त्यांना पटले. शिवाय गिऱ्हाईक तासाभरात उठून जाते, वेटर आठ-आठ तास त्यात उभा असतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. ८८ झाले की वेळ निम्मी, चारच तास.

मालकांनी सारे एकदम केले नाही. आधी फुकटची कामे केली. उष्ट्या भांड्यांचा स्टीलचा टब टेबलांजवळून आत हलवला. गाण्याचा आवाज उतरवला. मग खुर्च्यांच्या पायांना रबरी बुटे बसवली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आपोआप मिटणारी बिजागरी. शेवटी दिवाळीच्या रंगकामाचे पैसे वाचवून छताला खनिज-लोकरीचे, कापड ताणलेले तक्ते लावले. आग न धरणारे, आणि छतापासून थोडे अंतर सोडून, कारण मागे पोकळी असली की जाड आवाजही गिळला जातो. कोणी त्यांना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवायला सांगत होते. त्याने आवाज फारसा कमी होत नाही, आगीची भीती मात्र वाढते. आणखी एक सांगतो, अशा तक्त्यांवर कोणाला तैलरंग फासू देऊ नका. छिद्रे बुजली की तक्ता पुन्हा भिंतच.

आपल्या हातीही थोडे आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना नेताना गर्दीच्या आधी जावे. स्वयंपाकघर आणि गाण्याचा कर्णा यांपासून दूरचा कोपरा धरावा. मानाची मधली जागा हा त्यांच्यावर अन्यायच; त्यांची पाठ भिंतीकडे असावी आणि बोलणाऱ्यांचे चेहरे उजेडात, कारण उतरलेल्या कानांना ओठांची मदत होते. आणि महत्त्वाची गोष्ट त्यांच्याकडे तोंड करून सांगावी.

पुतणी सुट्टीवर आली तेव्हा नानांना मी जवळजवळ ओढूनच त्या उपाहारगृहात नेले. संध्याकाळचे सात, कोपऱ्यातले टेबल. हॉटेल निम्म्याहून अधिक भरलेले होते. ती आपल्या ऑफिसचे काही सांगत होती. नाना हसले नाहीत. चमचा खाली ठेवून त्यांनी विचारले, "मग रात्री उशीर झाला तर घरी कशी येतेस गं?"

तिने सांगितले. नानांनी आणखी विचारले. पुढचा पाऊण तास आम्हा बाकीच्यांना कोणी बोलूच दिले नाही.