भामरागडच्या वाटेवर

मुलांना हिवाळ्याची सुट्टी लागली आणि भामरागडला जायचे ठरले. फजरची नमाज अदा करून आम्ही चंद्रपूरहून निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली, की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता.

आष्टीच्या पुढे समोरून ट्रकमागून ट्रक येऊ लागले. रस्त्याकडेच्या सागाच्या पानांवर लाल धूळ बसलेली. धाकटी ट्रक मोजू लागली. चाळिसाच्या पुढे तीही कंटाळली.

आलापल्लीला चहासाठी थांबलो. इथून एक रस्ता भामरागडला जातो, दुसरा एटापल्लीमार्गे सुरजागडकडे. टपरीवर बसलेल्या एका माडिया आजोबांना ट्रकांबद्दल विचारले. ते म्हणाले, “सुरजागडच्या डोंगरातलं लोखंड आहे ते. त्या डोंगरावर आमचा ठाकूरदेव आहे. जानेवारीत यात्रा भरते.”

गाडीत बसताच धाकटीने विचारले, “अम्मी, मग ते त्यांच्या देवाचा डोंगर का खोदतात?”

खाणीमुळे हातांना काम मिळते, हे खरे. पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. मला आमच्या गावच्या कब्रस्तानातली जुनी चिंच आठवली. परक्याला ते फक्त लाकूड. आमचे आजोबा-पणजोबा तिच्या सावलीत निजले आहेत.

आलापल्लीपासून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. वाटेत हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम. पलीकडे छत्तीसगड. नदीच्या पाण्याने वजू करून आम्ही काठावर जोहरची नमाज पढलो. जवळच दोन माडिया बाया कपडे धूत होत्या. आम्ही उभे राहिलो तशी त्यांनी आपली आपटधोपट थांबवली आणि सलाम फेरेपर्यंत गप्प बसून राहिल्या. त्यांना कुणी सांगितले नव्हते.

याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे जंगलाविषयी ग्रामसभेत सारे मिळून ठरवतात. परतताना धाकटीला हे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आधी विचारायचं.”

आपणही जरूर जा, पण पावसाळा टाळा; पर्लकोटेच्या पुरात भामरागडचा संपर्क तुटतो. आणि कुठल्याही डोंगरावर, झाडाखाली पाय ठेवण्याआधी, ही जागा कोणाची, एवढे विचारा.