ओहायोतलं घर, वायोमिंगची कंपनी

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानवाल्यांना घरभाड्याशी काय देणंघेणं? तर आहे. कायद्याने घडवलेली व्यक्ती आपली वेस ओलांडते तेव्हा तिचं काय होतं, हा प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या पुष्कळ श्रोत्यांच्या थेट खिशाशी येऊन भिडतो.

समजा, एक मराठी जोडपं न्यू जर्सीत राहतं. तिथल्या किमती परवडत नाहीत, म्हणून गुंतवणुकीसाठी ते ओहायो राज्यात, क्लीव्हलँडला दोन बिऱ्हाडांचं घर घ्यायचं ठरवतात. कुणीतरी सल्ला देतं, घर स्वतःच्या नावावर घेऊ नका, एलएलसी काढा. आणि काढायचीच तर वायोमिंगला काढा. तिथे खर्च कमी आणि मालकाचं नाव जाहीर होत नाही. कंपनी निघते, खरेदीखत होतं, भाडेकरू येतात. वर्षभराने खालच्या बिऱ्हाडाचं भाडं थांबतं. वकील पहिलाच प्रश्न विचारतो, कंपनी ओहायोत नोंदवली आहे का? नाही ना, मग घर खाली करून घेण्याचा दावा आधी तिथेच अडकण्याची शक्यता.

इथे आपला माणूस गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात भारतातली व्यवस्था असते. आपल्याकडे कंपनी कायदा केंद्राचा. पुण्यात नोंदलेली कंपनी बंगळुरूला गाळा घेते तेव्हा कंपनी म्हणून तिला पुन्हा जन्म घ्यावा लागत नाही. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक करावी लागते, पण ती कराची बाब झाली. आणि आपल्या कायद्यात ‘विदेशी कंपनी’ म्हणजे भारताबाहेर स्थापन झालेली. अमेरिकेत मात्र एलएलसीला जन्म देतं ते राज्य. त्यामुळे ओहायोच्या दृष्टीने वायोमिंगची एलएलसी ‘फॉरिन’, मग तिचे मालक सात पिढ्यांचे अमेरिकन का असेनात.

याच्या मागे जो विचार आहे तो आम्हाला फार रोचक वाटतो. १८१९ साली डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी निगम म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, केवळ कायद्याच्या कल्पनेत असणारी कृत्रिम व्यक्ती, अशा आशयाची मांडणी केली. आता बघा, जी व्यक्ती केवळ एका कायद्याच्या कल्पनेत आहे, ती त्या कायद्याची हद्द संपल्यावर कुठे असते? हाच प्रश्न १८३९ मध्ये पुढे आला. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरातल्या एका बँकेने अलाबामात हुंड्या विकत घेतल्या. पैसे देणं लागत होतं तो गृहस्थ म्हणाला, या बँकेला अलाबामात अस्तित्वच नाही, मग मी पैसे कुणाला देऊ? सरन्यायाधीश टॉनी यांनी अर्धं म्हणणं मान्य केलं. निगम आपल्या जन्मभूमीतच राहतो, स्थलांतर करू शकत नाही. पण दुसरं राज्य सौजन्य म्हणून त्याचे व्यवहार मान्य करू शकतं. आणि अलाबामाने मनाई केलेली नसल्यामुळे ते सौजन्य आहे असं धरायचं. पुढे १८६९ मध्ये व्हर्जिनियातल्या एका विमा एजंटाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की, नागरिकांना दुसऱ्या राज्यात जे हक्क मिळतात ते निगमाला आपोआप मिळत नाहीत. म्हणजे यजमान राज्य अटी घालू शकतं. आजची ‘फॉरिन’ नोंदणी ही त्या सौजन्याची पावती आहे.

आपल्याकडेही कल्पनेतल्या व्यक्तीच्या हलण्यावरून वाद झालेला आहे बरं का. कोलकात्याच्या मल्लिक घराण्यातला खटला, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल १९२५ चा. पूजेच्या पाळीत वारसाने देवाची मूर्ती आपल्या घरी न्यायची की नाही, यावरून भांडण. देव ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे, तेव्हा त्याच्या इच्छेचाही विचार व्हायला हवा, असं तिथे मानलं गेलं. एलएलसीला अजून कुणी इच्छा विचारलेली नाही. असो.

आता कळीचा मुद्दा. परराज्यात ‘धंदा’ करत असाल तरच नोंदणी लागते. अनेक राज्यांचे कायदे म्हणतात की, मिळकत ‘नुसती’ बाळगणं हा धंदा नव्हे. ‘नुसती’ या शब्दावर बरेच जण विसंबतात आणि तिथेच फसतात. मोकळा प्लॉट घेऊन ठेवला, तर तो नुसता बाळगला. पण भाडेकरार करणं, दरमहा भाडं घेणं, प्लंबर पाठवणं, जाहिरात देणं, हे सगळं ‘नुसतं’ कसं म्हणायचं? एलएलसीच्या २००६ च्या नमुना कायद्यात तर उत्पन्न देणारी स्थावर मिळकत बाळगणं म्हणजे धंदाच, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शब्दरचना राज्याराज्यांत वेगळी आहे, म्हणून घर जिथे आहे त्या राज्याचं कलम वाचावं. भाड्याचं घर असेल तर नोंदणी लागते असंच धरून चालावं, असं आमचं मत.

नोंदणी नसली म्हणून आभाळ कोसळत नाही, हेही सांगायला हवं. साधारणपणे तुमचे करार रद्द होत नाहीत. तुमच्यावर कुणी दावा केला तर बचाव करता येतो. नोंदणी राहिली एवढ्यावरून कंपनीची देणी मालकाच्या अंगावर येत नाहीत. अडतं ते स्वतः दावा लावण्यापाशी. मागाहून नोंदणी करून, थकलेली फी आणि दंड भरून ते दार उघडतं. पण तोवरचे महिने बिनभाड्याचे जातात आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही.

प्रक्रिया अवघड नाही. घर असलेल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे अर्ज आणि फी. बऱ्याच राज्यांत जन्म-राज्याचं ‘गुड स्टँडिंग’ सर्टिफिकेट लागतं. आम्हा पेन्शनरांच्या भाषेत कंपनीचा हयातीचा दाखला. त्याच नावाची कंपनी तिथे आधीच असेल तर तुम्हाला त्या राज्यापुरतं दुसरं नाव घ्यावं लागतं. आणि रजिस्टर्ड एजंट, म्हणजे त्या राज्यात खराखुरा पत्ता असलेली, कोर्टाचे कागद स्वीकारणारी व्यक्ती किंवा संस्था. याला क्षुल्लक समजू नका. जिन्यावरून पडलेल्या भाडेकरूची नोटीस एजंटाकडे गेली आणि त्याने ती तुम्हाला कळवलीच नाही, तर निकाल एकतर्फी होऊ शकतो.

खर्चाचा हिशेब करा. वायोमिंगला दरवर्षी निदान ६० डॉलर. एजंट तिथे एक आणि ओहायोत एक. डेलावेअरची एलएलसी असेल तर तिथला वार्षिक कर ३०० डॉलर. टेक्सासमध्ये परराज्यातल्या एलएलसीची नोंदणी फी ७५० डॉलर, आणि स्थानिक एलएलसी नव्याने काढायला ३००. कॅलिफोर्नियात तर किमान ८०० डॉलरचा वार्षिक कर, कंपनी कुठेही जन्मलेली असो. मग वायोमिंगने वाचवलं काय? गुप्तता म्हणाल, तर टेक्साससारखं राज्य नोंदणीच्या अर्जातच कारभार पाहणाऱ्यांची नावं मागतं. संरक्षण म्हणाल, तर जिना मोडला क्लीव्हलँडला, दावाही तिथेच लागणार. भाड्याच्या उत्पन्नाला ओहायोचे आयकराचे नियम लागतातच. एकाच राज्यात एकदोन घरं असतील तर त्याच राज्यात कंपनी काढावी हे बरं. अनेक राज्यांत मिळकती आणि बरेच भागीदार असतील तर गोष्ट वेगळी. तिथे एका राज्याच्या कायद्याखाली भागीदारी ठेवण्याला अर्थ आहे.

आणि घर विकलंत तर ‘फॉरिन’ नोंदणी रीतसर मागे घ्या. घर गेलं म्हणून ती आपोआप संपत नाही. जिथे वार्षिक अहवाल आणि कर आहेत तिथे मागणीपत्रं त्या रिकाम्या कंपनीच्या नावाने येत राहतात.