भजनी मंडळासाठी सुटसुटीत ध्वनिवर्धक

सांगोल्याहून पंढरपूर सुमारे तीस किलोमीटर. आषाढीला सांगली-कोल्हापूरकडील दिंड्या या वाटेने जातात; एरवीही तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर एकादशीचे भजन, हरिनाम सप्ताह, कीर्तन, भारूड असे काही ना काही वर्षभर चालू असते. श्रोते पन्नास, फार तर दोनशे. अशा कार्यक्रमासाठी बहुधा लग्नाच्या मांडवातील यंत्रणाच भाड्याने आणली जाते. तिचा आवाज शिवारभर घुमतो. मात्र पुढ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला अभंगाचा चरण नीट कळत नाही. भारुडाचा सारा प्राण शब्दांत असतो. रूपकातील एक शब्द निसटला, तर उरते ते केवळ सोंग. म्हणूनच मंडळाने स्वतःची लहानशी, जीपमध्ये सहज मावणारी यंत्रणा उभारणे फायद्याचे ठरते. तिच्यामागील तत्त्वे फारशी अवघड नाहीत.

वॅटचा हिशेब

ध्वनिवर्धक घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो वॅटचा. परंतु शंभर वॅटऐवजी दोनशे वॅट घेतले, तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा स्पीकरची 'सेन्सिटिव्हिटी' पाहावी. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. ८९ ऐवजी ९५ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर एकचतुर्थांश शक्तीत तेवढेच काम होते.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. ९५ डेसिबलचा स्पीकर शंभर वॅटवर एक मीटरवर ११५ डेसिबल देतो. सोळा मीटरवर त्यातले ९१ उरतात. गाण्यातील चढउतारांसाठी दहा डेसिबल राखून ठेवले, तरी शेवटच्या रांगेला ८१ डेसिबल मिळतात. दीड-दोनशे श्रोत्यांना हे पुरेसे आहे.

काय काय घ्यावे?

खांबावरचा कर्णा स्वस्त आणि दणकट असतो. बोललेले दूरवर पोहोचवण्यास तो उत्तम. पण खालचे स्वर त्याला पेलत नाहीत. त्यामुळे पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा हरवतो आणि आवाज कर्कश होतो. त्याऐवजी अँप्लिफायर आतच बसवलेले, दहा किंवा बारा इंची वूफरचे दोन स्पीकर आणि स्टँड घ्यावेत. हल्लीच्या 'क्लास-डी' अँप्लिफायरमुळे हे स्पीकर वजनाला हलके झाले आहेत व विजेचा अपव्ययही कमी झाला आहे.

सहा किंवा आठ वाटांचा छोटा मिक्सर पुरतो. माइक 'डायनॅमिक' व 'कार्डिऑइड' प्रकारचे असावेत. ते समोरचा आवाज घेतात आणि पाठीमागचा बराचसा टाळतात. मुख्य गायक, पेटी, पखवाज आणि झील धरणारे अशा चौघांना चार माइक पुरे. टाळांना माइक देऊच नये. त्यांचा आवाज मुळातच तीक्ष्ण असतो आणि तो गायकाच्या माइकमध्येही शिरतो. चालू माइकांची संख्या दुप्पट केली, की शिट्टी सुरू होण्यापूर्वी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते, हेही लक्षात ठेवावे.

विजेची सोय

वस्तीवर वीज ऐन वेळी जाते. आकडा टाकून वीज घेणे तर बेकायदा आणि जीवघेणेही. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर माइक हातात धरणाऱ्यालाच धक्का बसण्याची भीती असते. बॅटरी हा यावरचा सुरक्षित उपाय आहे. १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे ५१२ वॅट-तास ऊर्जा साठते. त्यातील ८० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली, तर साडेतीनशे वॅट-तास हाती येतात. भजनाच्या वेळी सर्व यंत्रणा मिळून सरासरी सत्तर-ऐंशी वॅट खर्च होत असतील, तर चार तासांचा कार्यक्रम निभावतो. तेवढ्याच क्षमतेची शिशाची बॅटरी दुपटीहून जड असते आणि टिकवायची असल्यास ती निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही. इन्व्हर्टर मात्र 'प्युअर साइन वेव्ह' प्रकारचा घ्यावा. अन्यथा स्पीकरमधून गुणगुण ऐकू येण्याची शक्यता असते.

मांडणी महत्त्वाची

चांगले साहित्य चुकीच्या जागी ठेवले, तर शिट्टी ठरलेलीच. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा बाहेर पडतो. या फेऱ्यातून ती शिट्टी जन्मते. म्हणून दोन्ही स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. त्यांचे वरचे टोक बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यांवरून जावे, म्हणजे पुढच्यांचे कान किटत नाहीत आणि मागच्यांनाही ऐकू येते. गायकाने माइक तोंडापासून वीतभर अंतराऐवजी चार-पाच बोटांवर धरला, तर आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. तितका तो मिक्सरवर कमी ठेवता येतो. माइकची जाळी मुठीत धरू नये, कारण त्याने माइकचा दिशागुणच नष्ट होतो.

गायनाच्या माइकवर शंभर हर्ट्झखालचे स्वर कापणारे बटन दाबावे. वाऱ्याची घरघर व स्टँडला लागलेले धक्के त्याने गळतात. 'एको' शक्यतो बंदच ठेवावा. शब्दाचा शत्रू त्याच्याइतका दुसरा नाही. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी व बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळल्यास धडाका बसून वूफर खराब होत नाही.

नियमांचे भान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. म्हणजेच पहाटेचा काकडा माइकविनाच व्हायला हवा, आणि तो तसाच शोभतो. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तर सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागासाठी ठरलेल्या ध्वनिमर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. श्रोत्यांजवळ ठेवलेल्या छोट्या यंत्रणेला ही मर्यादा पाळणे खांबावरच्या कर्ण्यापेक्षा कितीतरी सोपे जाते.

सर्व साहित्य एकदम घेण्याची गरज नाही. एक स्पीकर, दोन माइक व मिक्सर एवढ्यावर आरंभ करून पुढे भर घालता येते. कार्यक्रमाआधी मंडळातील एकाने शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि एक चरण ऐकावा. तेथे प्रत्येक अक्षर उमगले, की आवाज वाढवण्याचे कारण उरत नाही.