इंधनांतून वंगण

पुण्यामुंबईच्या पेट्रोलपंपांवर कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत एक दृश्य नित्याचें होतें. स्कूटरवाला टाकीचें झांकण उघडी. पंपावरचा मनुष्य एका लहानशा मापानें आधीं तेल ओती व मग वरून पेट्रोल सोडी. आणि मालक दोन्ही हातांनीं स्कूटर धरून ती दोनचार वेळां डावीउजवीकडे हालवी, हेतु हा कीं दोन्ही द्रव नीट मिसळावेत. मागें उभ्या असलेल्या मोटारीला असलें कांहीं लागत नसे. तिचें तेल निराळें, पेट्रोल निराळें. एकाची दुसऱ्याशीं गांठ म्हणून पडावयाची नाहीं. मग स्कूटरलाच हा उपद्व्याप कां?

प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. कारण पेट्रोल हें वंगणाचें मित्र नव्हे, शत्रु आहे. कपड्यावरचा तेलाचा डाग पेट्रोलनें निघतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. घासणाऱ्या दोन धातूंच्या मधला तेलाचा पातळ पापुद्राही तें तितक्याच सहजपणें धुऊन नेतें. जो धुऊन नेणारा, त्याच्याच हातीं तेल सोंपवावयाचें, ही युक्ति प्रथमदर्शनीं वेडेपणाची वाटली तर नवल नाहीं.

मोटारीच्या नेहमींच्या इंजिनांत तळाशीं तेलाचें एक कुंड असतें. तेथून पंप तें तेल बेअरिंगांकडे पोंचवितो व तें पुन्हां खालीं ओघळून येतें. पेट्रोलचा व्यवहार सगळा वरच्या मजल्यावर. ‘टू-स्ट्रोक’ नांवाच्या इंजिनांत मात्र हा खालचा मजला रिकामा ठेवतां येत नाहीं. इंग्लंडांत बाथ येथें जोसेफ डे ह्या इंजिनियरानें १८९१ च्या सुमारास जें इंजिन सिद्ध केलें, त्याची सारी खुबी ह्या तळमजल्यांत आहे. दट्ट्या, म्हणजे कारागिरांचा पिस्टन, वर चढला कीं त्याच्याखालीं क्रँक ज्या बंद पेटींत फिरतो तेथें पोकळी होते आणि पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. दट्ट्या खालीं आला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटेनें वर सिलिंडरांत शिरतें. झडपांचा पसारा नाहीं, निराळा पंप नाहीं. दट्ट्याची खालची बाजू हाच पंप. इतकें सुटसुटीत यंत्र लोकांना आवडलें ह्यांत आश्चर्य नाहीं. पण ज्या पेटींतून प्रत्येक फेऱ्याला वारा वाहतो, तेथें तेलाचें कुंड ठेवणार कोठें? ठेवलेंच तर तें सारें उडून वर जळावयास जाईल. प्रारंभीं थेंब थेंब तेल सोडणाऱ्या वाट्या लावीत. पुढें त्याहून सोपी रीत रूढ झाली: जें मिश्रण त्या पेटींतून जाणारच आहे, त्याच्याच बरोबर तेल पाठवावें.

आतां शत्रूच्या हातून हें काम होतें कसें? पेट्रोल लवकर उडून जाणारें आहे. तेल तसें नाहीं. पेटीच्या उष्णतेनें पेट्रोलची वाफ होते आणि तेलाचे सूक्ष्म कण मागें राहतात. ते बेअरिंगांवर, क्रँकवर, सिलिंडरच्या भिंतीवर बसतात. म्हणजे पेट्रोल हें येथें केवळ हमाल. ओझें उतरवून तो निघून जातो. जें तेल कोठेंच न बसतां मिश्रणाबरोबर वर जातें व जें काम करून वर सरकतें, तें अर्धवट जळून मागच्या नळींतून निळसर धुराच्या रूपानें बाहेर पडतें. एकदां आंत गेलेलें तेल परत मिळावयाचें नाहीं.

ह्या धुण्याच्या भीतीचा एक मौजेचा दाखला विमानांच्या इतिहासांत सांपडतो. फ्रान्समधील सेगँ बंधूंचें ‘नोम’ इंजिन पहिल्या महायुद्धापूर्वीं फार गाजलें. त्यांत क्रँक स्थिर आणि सिलिंडरच गरगर फिरत. पेट्रोलची वाफ पोकळ क्रँकमधून पेटींत येई. साधें खनिज तेल तेथें पेट्रोलनें धुतलें जाई. म्हणून वापरीत एरंडेल, कारण तें पेट्रोलांत सहसा विरघळत नाहीं. तेंही जळून व उडून बाहेर पडे आणि वैमानिकाच्या नाकातोंडांत जाई. त्याचा पोटावर काय परिणाम होत असे, हें लहानपणीं ज्यांनीं एरंडेल घेतलें आहे त्यांना सांगावयास नको.

स्कूटरच्या तेलाचें प्रमाण हा घरोघरच्या वादाचा विषय होता. इटलींत १९४६ सालीं निघालेल्या पहिल्या व्हेस्पाला शेंकडा पांच भाग तेल लागे. पुढें रचना सुधारली, तेल सुधारलें, आणि आपल्याकडील स्कूटरना शेंकडा दोन, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, पुरेसें झालें. कंजूष मनुष्य त्याहून कमी घाली व दट्ट्याला मुके. भित्रा मनुष्य ‘असूं द्या थोडें जास्त’ म्हणून दुप्पट घाली. त्याला वाटे, जास्त तेल म्हणजे जास्त रक्षण. परंतु कार्ब्युरेटरचें छिद्र ठराविक मापाचें. त्यांतून तेल अधिक गेलें तर पेट्रोल तितकें कमी जातें, मिश्रण हवेच्या मानानें दुबळें होतें, आणि दुबळें मिश्रण इंजिन अधिक तापवितें. शिवाय प्लगवर काजळी, सायलेन्सरांत कीट, हें निराळेंच. तेव्हां पुस्तकांत छापलेलें प्रमाण हें कारखानदाराचें लहरी फर्मान नसून हिशेबाचें उत्तर असतें.

परंतु खरा धोका प्रमाणांत नव्हे. तो उतारावर आहे. खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा घाट उतरतांना चालक पेट्रोलची मूठ पूर्ण सोडतो. गाडी गिअरमध्यें असते. चाकेंच इंजिनाला फिरवीत असतात, तेंही मिनिटाला हजारों फेऱ्यांच्या वेगानें. मूठ सोडली म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद! फोर-स्ट्रोक इंजिनाचा पंप अशा वेळीं जोरानें तेल पुरवीत असतो. टू-स्ट्रोक मात्र ज्या क्षणीं वेगानें फिरत असतें त्याच क्षणीं उपाशी असतें. मग अॅल्युमिनियमचा दट्ट्या तापून बिडाच्या सिलिंडरपेक्षां अधिक फुगतो, भिंतीला घांसतो आणि घट्ट बसतो. ह्यालाच इंजिन ‘सीझ’ होणें म्हणतात. मागचें चाक एकाएकीं थांबतें, आणि दोन चाकांच्या गाडीवर वळणांत ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. जाणता चालक म्हणूनच उतारावर मधून मधून मूठ किंचित् पिळतो आणि डाव्या हाताचीं बोटें क्लचवर तयार ठेवतो.

युरोपांतील मोटार बनविणाऱ्यांनीं ह्यावर सायकलीचा उपाय योजिला. सायकल उताराला लागली कीं पायटे स्थिर राहतात व चाक फिरतच राहतें. तेंच ‘फ्री-व्हील’ स्वीडनच्या साब, जर्मनीच्या डीकेडब्ल्यू व वार्टबुर्ग ह्या गाड्यांत बसविलें होतें. पूर्व जर्मनीच्या ट्रॅबँटला तें चौथ्या गिअरपुरतें होतें. पाय उचलला कीं इंजिन चाकांपासून सुटून मंद फिरत राही. तेलाची वाण पडत नसे. पण इंजिनाच्या अवरोधाचा ब्रेकला मिळणारा आधारही सुटला आणि सारा भार ब्रेकवर आला. आगींतून निघून फुफाट्यांत पडण्यासारखेंच, निदान लांब घाटांत तरी.

दुसरा मार्ग म्हणजे तेल वेगळ्या टाकींत ठेवून लहानशा पंपानें इंजिनांत सोडणें. डीकेडब्ल्यूनें १९६१ सालीं असा पंप बसविला. १९६२-६३ चा हिंवाळा युरोपांत अतिशय कडक गेला. टाकींतलें तेल थंडीनें घट्ट झालें, नळींतून वेळेवर पोंचेना, आणि कित्येक गाड्यांचे क्रँक निकामी झाले. कारखान्याच्या नांवाला त्याचा मोठा धक्का बसला. पेट्रोलांत विरघळलेलें तेल त्याच थंडींत पातळच राहतें. जुन्या अडाणी रीतीचा हा गुण कोणी विचारांत घेतला नव्हता. जपानच्या यामाहानें १९६४ सालीं आणलेला पंप अधिक यशस्वी ठरला. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असल्यामुळें मूठ सोडली तरी थोडें तेल जातच राही.

ही पद्धति मागें पडली ती मुख्यतः धुरामुळें. दिल्लीपुरतें १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सुटें तेल विकणें थांबवून तें योग्य प्रमाणांत आधींच मिसळलेलें पेट्रोल पंपांवर देण्याचा आदेश दिला. भित्र्या मनुष्याच्या जास्तीच्या मापाला लगाम घालण्याचाच तो यत्न होता. पुढें धुराचे नियम कडक होत गेले आणि नव्या टू-स्ट्रोक स्कूटरी दुकानांतून नाहींशा झाल्या.

तथापि कोंकणांत पावसाळ्यानंतर गवत कापणारीं खांद्यावरचीं यंत्रें, फवारणीचे पाठीवरचे पंप, लांकूड कापण्याच्या करवती ह्यांत तें इंजिन अजून चालू आहे, आणि तेथें तेल ओतणारें माप पुन्हां घरच्या माणसाच्या हातीं आलें आहे. ह्या यंत्रांची एक खोड ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हंगाम संपल्यावर टाकींत मिश्रण तसेंच राहिलें, तर हमाल हळूहळू उडून जातो आणि ओझें मागें राहतें. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत तेलाचा चिकट थर बसतो, आणि पुढच्या वर्षीं दोरी ओढून ओढून हात दुखले तरी यंत्र सुरू होत नाहीं. टाकी रिकामी करून ठेवावी, आणि नव्या हंगामाला मिश्रण नवेंच करावें, एका दिवसाला पुरेल इतकेंच.