छातीत चमक आली? उसण म्हणून तेल चोळत बसू नका

केममध्ये कुणाच्या छातीत एकाएकी चमक निघाली की घरातली जाणती बाई म्हणते, उसण भरली. मग तेल चोळायचं, ओव्याचा शेक द्यायचा, नाहीतर गॅसची गोळी. साधी उसण दोन दिवसांत उतरतेही. पण छातीच्या एकाच बाजूला दुखतंय आणि दमही लागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फुफ्फुसाला बारीक भोक पडलं की हवा बाहेर येऊन फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधे साठते. तिच्या दाबाने फुफ्फुस आकसतं. उंच, सडपातळ तरुण पोरांना हे बसल्या जागीही होतं. विडी-सिगारेट ओढणारे, टीबी झालेले, बरगडीला मार लागलेले, यांना धोका जास्त.

ओळखायला बहुतेक वेळा छातीचा साधा एक्स-रे पुरतो. चांगल्या फुफ्फुसात रक्तवाहिन्यांच्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. फुफ्फुस आकसलं की त्याच्या कडेची बारीक पांढरी रेघ उमटते आणि रेघेपलीकडे नुसतं काळं, एकही फांदी नाही. फोटो शक्यतो उभ्याने काढावा. आडवं झोपवून काढला तर थोडी हवा नजरेतून सुटू शकते. मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. किरणांची भीती नको, एका फोटोत ती फार थोडी असतात. बाई गरोदर असेल तर मात्र आधी सांगावं.

ओठ निळे पडले, माणूस धापा टाकतोय, बोलता येत नाही, तर फोटोसाठी थांबू नका. सोलापूरच्या रेल्वेगाडीची वाटही पाहू नका. 108 ला फोन करा. अशा वेळी डॉक्टर फोटोच्या आधीच सुईने हवा काढतात.

हवा थोडी असेल तर नुसती देखरेख ठेवतात. जास्त असेल तर बरगड्यांमधून नळी घालून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. 'नळी घातली म्हणजे माणूस गेला' असं वस्तीत बोलतात, ते खोटं आहे. बाटलीतले बुडबुडे म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडतेय. फुफ्फुस फुगलं का, हे पुन्हा फोटो काढूनच कळतं.

टीबीची शंका असेल तर थुंकीही तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. आणि एक्स-रेची फिल्म पत्र्याखाली खोचून ठेवू नका, ओल लागते. हा त्रास पुन्हा होऊ शकतो. तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा जुना फोटोच मागतील.