गिअर अडतो, दोष क्लचचा

यामाहा आरएक्स १०० सारख्या ९८ सीसीच्या जुन्या गाडीचा गिअर अडू लागला, की इंजिन खोलायची घाई होते. पण पहिला संशय क्लचवर घ्यावा. इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवत गिअर टाकून पाहा. तेव्हा चारही गिअर सहज पडत असतील आणि इंजिन सुरू असतानाच अडत असतील, तर गिअरबॉक्स बहुधा ठीक आहे. लिव्हर दाबूनही क्लचप्लेटा पुरत्या सुटत नाहीत. केबल ताणलेली किंवा आतून गंजलेली असते, नाहीतर प्लेटांनी हाउसिंगच्या कडांवर खाचा पाडलेल्या असतात. दुसरं कारण ऑइल. टू-स्ट्रोक गाडीत टूटी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. पहिलं आठवणीने भरणारे दुसरं वर्षानुवर्षं बदलत नाहीत.

कुणी म्हणेल, १९९६मध्ये उत्पादन थांबलेल्या गाडीचे दातेच झिजले असणार. शक्य आहे, पण ती झीज वेगळी ओळखू येते: अॅक्सिलरेटर पिळताच पडलेला गिअर आपोआप सुटतो. तेव्हा इंजिन खोलावंच लागतं. एरवी आधी केबल आणि ऑइल बदलावं. अंदाज चुकला तरी खर्च थोडाच होतो, आणि कसलीच तक्रार नसलेलं इंजिन विनाकारण उघडलं जात नाही.