कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला, तर भरपाई किती?

बाथरूमच्या फरश्या उखडलेल्या, वाळूची पोती जिन्यात पडलेली आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरातली आजी महिनाभर अंघोळीला शेजारी जात होती. “दिलेले सगळे पैसे परत घेईन, वर दंडही वसूल करीन,” असं तिचा मुलगा म्हणायचा. सर्वांत मोठा गैरसमज हाच.

भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७३ शिक्षा करण्यासाठी नाही. काम ठरल्याप्रमाणे झालं असतं तर तुम्ही जिथे असता, तिथे पैशाने आणून सोडणं एवढाच त्याचा हेतू. समजा, काम २ लाखांत ठरलं, १ लाख २० हजार दिले आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला १ लाख ३० हजार लागले. एकूण खर्च अडीच लाख, म्हणजे नुकसान ५० हजारांचं. मागायचे तेवढेच. काम झालं पण निकृष्ट, तर? या कलमाच्या उदाहरणांत घरदुरुस्तीच आहे: आगाऊ पैसे घेऊन ठरल्यापेक्षा वेगळं काम केलं, तर ते ठरल्यासारखं करून घेण्याचा खर्च कंत्राटदाराने द्यायचा.

एक तारखेला भाडेकरू येणार होता, ते बुडालेलं भाडं? करार करतानाच कंत्राटदाराला हे सांगितलं असेल, तर मागता येतं. म्हणून सांगाच, तेही व्हॉट्सॲपवर लिहून.

‘उशिराबद्दल रोज ५ हजार’ असं करारात लिहिलं, की तेवढे मिळतातच असंही नाही. कलम ७४ प्रमाणे तो आकडा कमाल मर्यादा असतो, त्याच्या आत वाजवी रक्कम ठरते. लेखी करार नाही म्हणून मात्र गप्प बसू नका. तोंडी करारही करारच. पैसे पाठवल्याची नोंद आणि मेसेज हा पुरावा.

दावा लागेपर्यंत गळती तशीच ठेवणंही महागात पडतं, कारण टाळता आलं असतं ते नुकसान भरून मिळत नाही. आधी फोटो काढा, मग दुरुस्ती करून घ्या, बिलं जपा.

आजीच्या हालांचं काय? मानसिक त्रासाची भरपाई ग्राहक आयोग देऊ शकतो. तिथे वकील लागतोच असं नाही आणि सेवेसाठी दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीची मुदत २ वर्षं, ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.